काचेआडचे आल्प्स

दिवाळी अंकांतील प्रवासवर्णने मी गेली तीस वर्षे नेमाने वाचत आलो आहे, आणि मराठीचा शिक्षक या नात्याने मनातल्या मनात त्यांवर लाल शाईही चालवत आलो आहे. यंदा ती शाई स्वतःच्याच लेखावर चालवण्याची पाळी आली.

२०१८ च्या जुलैत आम्ही उभयता जर्मनीत नोकरीस असलेल्या धाकट्या चिरंजीवांकडे गेलो होतो. त्याने मोटारीने आम्हांला आल्प्समधून फिरवून आणले. परतल्यावर मी एका अंकात 'आल्प्सच्या कुशीत' हा लेख लिहिला. परिचितांनी कौतुक केले. आमच्या शाळेतले भूगोलाचे शिक्षक, एके काळचे माझे विद्यार्थी, अंक परत करताना मात्र म्हणाले, "सर, लेख छान आहे. पण नदी कुठून निघाली नि कुठे गेली, ते काही कळलं नाही."

ते वाक्य मनात रुतून बसले. परवा लेख पुन्हा काढला. 'नयनरम्य' पाच वेळा, 'स्वर्गीय' चार वेळा, आणि 'शब्दांत वर्णन करणे अशक्य' दोनदा. अशक्य होते, तर छापायला कशाला दिले? नववीच्या मुलाने निबंधात असे लिहिले असते, तर मी त्याला दहापैकी चारच्या वर गुण दिले नसते.

दोष माझ्या एकट्याचा नाही, असे म्हणून सुटता येईल. गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत पायी हिंडले. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये भूक आहे, भीती आहे, माणसे आहेत. 'अपूर्वाई'त (१९६०) पु. लं.नी युरोप दाखवला तो माणसांच्या लकबींतून. त्यांच्यामागून आलेल्या आम्हा हौशी लेखकांनी कोट्या तेवढ्या उचलल्या, नजर उचलली नाही. शिवाय आमच्या प्रवासाला आता काचा आल्या आहेत. मोटारीच्या काचेआडून दिसतो तो देखावा. तिथल्या माणसाच्या गरजा आणि चिंता त्या काचेतून आत येत नाहीत.

आता मी गाळले काय, ते सांगतो. आंडरमाट सोडून फुर्का घाटाने आम्ही २४२९ मीटर उंचीवर चढलो. तिथे वाहने उजव्या बाजूने जातात, त्यामुळे चालकाशेजारची जागा उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे जिथे चालक बसतो तिथे. प्रत्येक वळणावर माझा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. समोरून पिवळी पोस्टाची बस तीन सुरांचा भोंगा वाजवत आली. अशा डोंगरी पोस्टमार्गांवर या बसला अग्रहक्क असतो आणि तिच्या चालकाची सूचना इतरांनी पाळायची असते. त्याने हाताने खूण केली. चिरंजीवांनी निमूटपणे गाडी मागे घेतली. मागे कठडा आणि कठड्यापलीकडे दरी. लेखात मी या प्रसंगाचे 'वळणावळणाचा रमणीय मार्ग' एवढेच केले.

घाट ओलांडल्यावर ऱ्होनची हिमनदी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिचे टोक खाली ग्लेचच्या सपाटीपर्यंत उतरत असे. आता ते वर कड्यापलीकडे सरकले आहे आणि त्याच्या पायथ्याशी वितळलेल्या पाण्याचे तळे साचले आहे. बर्फात कोरलेली गुहा टिकावी म्हणून उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी कापडे पांघरतात. ती मळलेली, सुरकुतलेली कापडे मी डोळ्यांनी पाहिली होती. आजाऱ्याच्या अंथरुणासारखी दिसत होती. लेखात मी लिहिले, 'शुभ्र हिमाची शाल'. मला वाटते, ही माझ्या लेखातली सर्वांत मोठी लबाडी.

आणि पाणी. या वाले प्रांतात दोन्ही बाजूंच्या डोंगरांनी पाऊस अडतो, त्यामुळे नदीकाठचे खोरे स्वित्झर्लंडमधल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक आहे. शेकडो वर्षे तिथल्या शेतकऱ्यांनी कडे कोरून, लाकडी पन्हळी टांगून, वितळत्या बर्फाचे पाणी पाटांनी मळ्यांवर आणि द्राक्षबागांवर नेले आहे. फ्रेंच बोलणारे अशा पाटाला 'बीस' म्हणतात, जर्मन बोलणारे 'झुओने'. पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांवरून आमच्याकडे किती भांडणे होतात, ते मला ठाऊक आहे. तरीही मी तिथे फक्त 'हिरवीगार कुरणे' पाहिली. बर्फ हे त्या लोकांचे साठवलेले पाणी आहे, हे कळते तर ती मळकी कापडे मला लपवावीशी वाटली नसती.

एक गोष्ट मात्र मी जाणूनबुजून गाळली. वरच्या खोऱ्यात या नदीला 'रॉटन' म्हणतात. तिथली बोली जर्मन. सिएर गावाजवळ रास्पिय नावाचा लहानसा ओढा येऊन मिळतो, आणि तिथून भाषा फ्रेंच होते. नदी 'ऱ्होन' होते. त्या गावालाही दोन नावे, सिएर आणि झीडर्स. स्थानकाच्या नावात दोन्ही शेजारी शेजारी. (दोन्ही भाषांत हा नद पुल्लिंगी आहे, नदीला लोकमाता म्हणणाऱ्या काका कालेलकरांना याची मौज वाटली असती.) आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते, हे मला तिथेच आठवले. पाटीवरच्या दोन नावांकडे मी किती वेळ पाहत राहिलो, हे लिहिले तर लेख सीमाप्रश्नाकडे वळेल, वाचकांचा हिरमोड होईल, असे वाटून मी ते खोडले. आज वाटते, त्या साऱ्या प्रवासात खास माझ्या नजरेचे असे तेवढेच होते. बाकीचे कुठल्याही सहल कंपनीच्या पुस्तिकेत सापडले असते.

लेख नव्याने लिहायला घेतला आहे. सौ.ला पहिले पान वाचून दाखवले. ती म्हणाली, "अहो, त्या बसपाशी तुम्ही माझा हात इतका घट्ट धरला होतात की बांगडी पिचकली. ते कुठंय?"

तिथून सुरुवात केली आहे.