मुले बरी झाली, हे कोणी मोजले?

वर्गात एखादे मूल असे असते, की रागावून, समजावून, आईवडिलांना बोलावूनही त्याचे वागणे आपल्याला उलगडत नाही. अशा मुलांना घरापासून दूर, निवासी शाळेत ठेवून उपचार करता येतील का? या प्रश्नावरचे ब्रूनो बेटेलहाइम यांचे ‘लव्ह इज नॉट इनफ’ (१९५०) हे पुस्तक शिक्षकांनी अवश्य वाचावे; मात्र सावधपणे वाचावे.

बेटेलहाइम मूळचे व्हिएन्नाचे. १९३८-३९ मध्ये ते नाझींच्या छळछावण्यांत होते. भोवतालची परिस्थिती माणसाला मोडू शकते, तर ती त्याला उभेही करू शकेल, असा त्यांचा विचार. १९४४ ते १९७३ या काळात ते शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूलचे प्रमुख होते. पुस्तकाची मांडणी मुलांच्या दिनक्रमाला धरून आहे: जाग येणे, जेवण, अभ्यास, अंघोळ, झोप. खरा उपचार याच साध्या क्षणांत होतो, हे वाचताना पटते. एक काम संपून दुसरे सुरू होईपर्यंतच्या वेळेवरचे प्रकरण तर मधली सुट्टी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने वाचावे.

आमची हरकत पुढे आहे. शाळा चालवणारे, मुले सुधारली की नाही हे ठरवणारे आणि ते जगाला सांगणारे, सगळे बेटेलहाइमच. तुलनेसाठी दुसरा गट नाही, बाहेरचा परीक्षक नाही. ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ (१९६७) मध्ये त्यांनी स्वमग्नतेचा दोष आईवडिलांवर, विशेषतः आईवर ठेवला. बर्नार्ड रिमलँड यांनी तर १९६४ मध्येच तिचे मूळ शरीरात शोधावे, असे मांडले होते. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत किमान एक मूल स्वमग्न होते. एकाच बीजांडापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. वेगवेगळ्या बीजांडांपासून झालेल्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. जुळी कोणतीही असोत, दोघांची आई एकच. मग हा फरक आईच्या वागण्याने कसा पडेल? तो आनुवंशिकतेकडे बोट दाखवतो. तोवर कित्येक आया स्वतःला अपराधी मानत राहिल्या.

१९९० मध्ये बेटेलहाइम वारले. त्यानंतर शाळेतल्या काही माजी विद्यार्थ्यांनी, ते आपल्याला मारत, असे जाहीरपणे सांगितले. काहींनी त्यांची बाजूही घेतली. पण मुलांना मारू नये असे लिहिणाऱ्या माणसाविषयीची ही तक्रार जगाला इतक्या उशिरा कळावी, हे आम्हाला अधिक गंभीर वाटते. पुस्तकात मुलांचे बोलणे आहे, पण ते शाळाप्रमुखांनी निवडलेले.

म्हणून एखाद्या पालकाला अशी शाळा सुचवण्यापूर्वी आपण तीन गोष्टी विचाराव्यात. सुधारणा कोण मोजते? आईवडिलांना न कळवता भेटायला जाता येते का? आणि मुलाला काही खुपले, तर ते शाळेबाहेरच्या कोणाला सांगू शकते का?