हुशार मुलांचे काय करायचे?

परदेशातल्या मराठी घरांत मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला, की पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे नाव कोणीतरी काढतेच. "अशी शाळा इथे हवी होती" असा त्या बोलण्याचा शेवटही ठरलेला. पण त्या शाळेतले नेमके काय हवे, हे मात्र आपण ठरवत नाही.

डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली प्रबोधिनी स्थापन केली, तेव्हा ती शाळा नव्हतीच. निरनिराळ्या शाळांतली निवडक मुले आपली शाळा सांभाळून तिथे येत. स्वतंत्र प्रशाला १९६९ साली निघाली. पाचवीपासून प्रवेश, आणि तोही बुद्धिमापन चाचण्यांतून. बुद्धी ही एकच एक शक्ती नसून तिचे अनेक पैलू असतात, या गिलफर्ड यांच्या मांडणीचा तिथे कसून अभ्यास झाला. सदाशिव पेठेत चाललेले हे काम त्या काळात खरोखर धाडसाचे होते.

तरीही दोन प्रश्न उरतात. दहा वर्षांच्या मुलावर 'प्रज्ञावंत' असा शिक्का मारायचा, तर उशिरा उमलणाऱ्यांचे काय? आणि ज्या घरात पुस्तकांनी कपाट भरलेले आहे, तिथल्या मुलाला कोणतीही चाचणी थोडी सोपीच जाणार. निवड कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी घराची सावली तिच्यावर पडतेच.

प्रबोधिनीचे खरे उत्तर चाचणीत नाही, चाचणीनंतरच्या अपेक्षेत आहे. बुद्धी हे समाजाचे ऋण आहे, ते फेडायचे, ही तिथली शिकवण. म्हणून आठवीत विद्याव्रत संस्कार, म्हणून खेड्यांतले काम, म्हणून १९९३ च्या भूकंपानंतर हराळीला उभे राहिलेले शिक्षणकार्य. यातही एक खोच आहे: 'नेतृत्व घडवणे' म्हणताना नेता वरून येतो आणि गाव फक्त घेत राहते, असे चित्र सहज तयार होते. पण ऋणाची जाणीवच नसलेल्या हुशारीपेक्षा हे शतपटीने बरे.

आपल्या रोटोटुनाची वाट वेगळी. ज्युनिअर हायस्कूल २०१६ मध्ये आणि सीनिअर २०१७ मध्ये सुरू झाले, ते परिसरातल्या सगळ्या मुलांसाठी. प्रवेशाला पत्ता लागतो, बुद्ध्यंक नाही. हुशार मुले ओळखून त्यांची गरज भागवावी, असा दंडक न्यूझीलंडने २००५ पासून सरकारी शाळांना घातला होता, पण तोही त्यांना त्यांच्याच शाळेत ठेवून. यात शेजारचा मुलगा बाकावरही शेजारी राहतो, हा मोठाच लाभ. उणीव अशी, की सारे वर्गशिक्षकावर अवलंबून. गणिते आधी सोडवून खिडकीबाहेर बघत बसणारे मूल शहाणे समजले जाते, कंटाळलेले नाही.

ही उणीव आपण शनिवारच्या ट्यूशनने भरतो. त्यातून गुण वाढतात, ऋणाची जाणीव नाही. प्रबोधिनीकडून घ्यायचेच असेल, तर प्रवेशपरीक्षा नको, प्रकल्प घ्यावा. यंदाच्या गणेशोत्सवाचा हिशेब, मंच, सूत्रसंचालन मुलांच्या हाती द्यावे, आणि त्यात केवळ 'हुशार' नव्हे, सगळी मुले असावीत. कोण कुठे चमकते, हे तेव्हा आपोआप दिसेल. चाचणीची गरजही पडणार नाही.