‘संवेदनशीलता’ : एका संज्ञेची चिकित्सा

प्रथिनांच्या विश्लेषणात लिक्विड क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री या पद्धती जोडीने वापरल्या जातात. पहिली मिश्रणातील घटक वेगळे करते. दुसरी त्यांचे आयन वस्तुमान व विद्युत्भार यांच्या गुणोत्तरावरून ओळखते. या विषयावरील लेखनात ‘संवेदनशीलता वाढविली’ हे विधान वारंवार आढळते. तथापि त्यात दोन भिन्न अर्थ एकत्र नांदत असल्याने त्याची परीक्षा करणे कठीण होते.

शास्त्रीय परिभाषेत संवेदनशीलता म्हणजे अंशांकन रेषेचा उतार, अर्थात पदार्थाचे प्रमाण वाढले असता संकेत किती वाढतो याचे माप. रूढ वापरात मात्र ‘ओळखता येईल असे अल्पतम प्रमाण’ हा अर्थ घेतला जातो. त्यास ‘शोधमर्यादा’ हे स्वतंत्र नाव आहे. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. संकेताबरोबर गोंगाटही त्याच प्रमाणात वाढला, तर उतार वाढूनही शोधमर्यादा होती तेथेच राहते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. ‘शीलता’ हा प्रत्यय गुण यंत्राच्या ठायी असल्याचे सुचवितो. वस्तुतः त्याचे श्रेय बऱ्याच अंशी यंत्राबाहेरील योजनेस असते. ४.६ मिलिमीटरऐवजी ७५ मायक्रोमीटर अंतर्व्यासाचा स्तंभ घेतल्यास तेवढेच द्रव्य तत्त्वतः सुमारे ३,७०० पट कमी द्रवात उतरते, आणि इलेक्ट्रोस्प्रेचा संकेत मुख्यतः संहतीवर अवलंबून असल्याने तो वाढतो. विल्म व मान यांनी १९९६ साली वर्णिलेल्या नॅनोइलेक्ट्रोस्प्रेत प्रवाह मिनिटास सुमारे २० नॅनोलिटर इतका मंद असतो. थेंब लहान होतात व आयनीभवन सुधारते. मात्र अरुंद स्तंभात नमुनाही थोडाच मावतो; नमुना विपुल असल्यास हा लाभ आटतो. तसेच ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लाने शिखरे रेखीव होतात, पण आयनीभवन दबते. फॉर्मिक आम्लाचा गुणदोष बहुधा याच्या उलट असतो.

म्हणूनच रक्तद्रवाच्या तपासणीत ‘अमुक प्रथिन आढळले नाही’ या वाक्याचा अर्थ ‘ते नाही’ असा करणे धोक्याचे ठरते. अल्प प्रमाणातील पेप्टाइड पात्राच्या भिंतीस चिकटलेले असेल, किंवा विपुल अल्ब्युमिनाच्या पेप्टाइडांनी त्याचा संकेत झाकलेला असेल. रोगनिदान अशा वाक्यावर उभे राहते, तेव्हा परिभाषेतील शैथिल्याची किंमत रुग्णास मोजावी लागते. ‘संवेदनशीलता’ उतारापुरती राखावी, आणि शोधमर्यादा नमुन्याच्या स्वरूपासह आकड्यांत सांगावी, हेच इष्ट होय.