काव्यरत्नावली

(१८८७–१९३५). केवळ कवितेस वाहिलेले एक दीर्घजीवी मराठी मासिक. नारायण नरसिंह फडणीस यांनी ते जळगाव येथून सुरू केले आणि सु. ४८ वर्षे चालविले. त्या काळी जळगाव हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाणही नव्हते. खानदेश हा एकच जिल्हा असून त्याचा कारभार धुळ्याहून चाले. पूर्व खानदेश जिल्हा १९०६ मध्ये वेगळा झाला. अशा गावातून निघालेल्या मासिकाने आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या दोन पिढ्यांना आश्रय दिला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

मराठीत काव्यविषयक नियतकालिके यापूर्वीही निघाली होती. माधव चंद्रोबा डुकले यांचे सर्वसंग्रह (१८६०) आणि का. ना. साने, ज. बा. मोडक प्रभृतींचे काव्येतिहाससंग्रह (१८७८) ही त्यांपैकी प्रमुख होत. निर्णयसागर छापखान्याचे, वामन दाजी ओक यांनी संपादिलेले काव्यसंग्रह (१८९०) हेही याच परंपरेतील होते. प्राचीन कवींच्या रचना मिळवून छापणे हा त्यांचा मुख्य हेतू होता. हयात कवीच्या नव्या रचनेला सर्वसाधारण मासिकांत बहुधा दोन लेखांमधील उरलेली जागा मिळे. काव्यरत्नावलीने तिला हक्काचे स्थान दिले.

हे कार्य विद्यापीठाकडून होण्याची शक्यता त्या काळी नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. परंतु पुढील दशकात पदवी परीक्षांमधून देशी भाषा वगळण्यात येऊन त्यांची जागा अभिजात भाषांना देण्यात आली. न्या. म. गो. रानडे यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९०१ च्या सुमारास एम्.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. दरम्यान नव्या शिक्षणात वाढलेली पिढी पालग्रेव्हचा गोल्डन ट्रेझरी हा संग्रह वाचून मराठीत लिहू लागली होती. तिच्या मराठी कवितेची दखल उच्च शिक्षणात घेतली जात नव्हती. ती छापली गेली मासिकांत.

ग्रंथप्रकाशनाचा आधारही या कवींना उशिरा लाभला. केशवसुत १९०५ मध्ये वारले. त्यांच्या कवितांचा संग्रह हरि नारायण आपटे यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. बालकवी १९१८ मध्ये निवर्तले. त्यांच्या कविता १९२२ मध्ये संगृहीत झाल्या. गोविंदाग्रजांचा वाग्वैजयंती हा संग्रहही त्यांच्या मृत्यूनंतरचा. भा. रा. तांबे यांचा पहिला संग्रह १९२० मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी वयाची पंचेचाळिशी ओलांडली होती. म्हणजे सु. तीन दशके आधुनिक मराठी कविता प्राधान्याने नियतकालिकांच्या पानांतच अस्तित्वात होती. केशवसुतांच्या अनेक कविता काव्यरत्नावलीतून प्रसिद्ध झाल्या. मुंबईतील प्लेगच्या साथीनंतर ते शिक्षकाच्या नोकरीनिमित्त खानदेशात भडगाव व फैजपूर येथे राहिले, हाही या संबंधातील लक्षणीय योग होय.

फडणीसांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये जळगावास कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे त्याचे अध्यक्ष होते. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाच्या काव्यवाचनाने प्रभावित होऊन त्यांनी त्यास ‘बालकवी’ ही पदवी दिली. संमेलनास आलेल्या रेव्ह. ना. वा. टिळकांनी पुढे ठोमऱ्यांना अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे आपल्या घरी आसरा दिला. १८७८ मध्ये खुल्या झालेल्या दौंड–मनमाड लोहमार्गाने हे नगर पुणे व खानदेश या दोन्ही भागांशी जोडले गेले होते. टपाल आणि रेल्वे यांच्यामुळे आडगावचे मासिक दूरच्या वाचकापर्यंत नेणे शक्य झाले.

काव्यरत्नावलीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. स्वतंत्र प्रतिभेची कविता आणि उपदेशपर वा प्रासंगिक पद्य यांना तिने शेजारी शेजारी बसविले. नव्या कवितेची बाजू घेऊन भांडणारे वा तिची मीमांसा करणारे मासिक म्हणून तिचे नाव घेतले जात नाही. तथापि हा दोष तिच्या गुणापासून वेगळा काढता येत नाही. १८८७ च्या प्रतिष्ठित अभिरुचीला धरून काटेकोर निवड झाली असती, तर पंडिती वळणाची पद्येच आत आली असती आणि केशवसुतांसारखा कवी बाहेर राहिला असता. संपादकाच्या उदार दृष्टीमुळे पुष्कळ सामान्य रचना छापली गेली हे खरे. पण त्याच दृष्टीमुळे असामान्य रचना नष्ट होण्यापासून वाचली.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात परिस्थिती पालटली. पुण्याच्या रविकिरण मंडळाने (स्थापना १९२३) काव्यगायन व संग्रह यांद्वारे कवितेला नवा श्रोता मिळवून दिला; रत्नाकर (१९२६) यांसारख्या मासिकांनी तिला आकर्षक रूपात स्थान दिले. कवितेला स्वतंत्र घराची निकड उरली नाही आणि १९३५ मध्ये काव्यरत्नावली बंद पडली.

पुढे महाविद्यालयांचे वार्षिक अंक ही विद्यार्थी-कवीची पहिली पायरी ठरली. पुण्यासारख्या शहरापासून शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्याच्या ठिकाणांपर्यंत महाविद्यालये पसरल्याने ही सोय व्यापक झाली. परंतु असे अंक वर्षातून एकदा निघतात आणि त्यांचे विद्यार्थी-संपादक पालटत राहतात. त्यामुळे एखाद्या कवीची वाढ दीर्घकाळ पाहणारी नजर त्यांना लाभणे कठीण असते. केवळ कवितेस वाहिलेले नियतकालिक दीर्घकाळ चालविण्याचे कार्य १९८५ पासून पुरुषोत्तम पाटील (१९२७–२०१७) यांनी कविता-रती या द्वैमासिकाद्वारे केले. तेही खानदेशातील धुळ्याहूनच निघाले. काव्यरत्नावलीचे मोल तिच्या सातत्यात आहे : एकाच संपादकाच्या चिकाटीने जे साधले, ते त्या काळच्या विद्यापीठाला साधले नव्हते.