उसन्या जगातली स्वतःची गोष्ट

लोकप्रिय फँटसी कादंबऱ्यांवर एक आक्षेप जुनाच आहे: सगळे लेखक टॉल्किनलाच गिरवतात. साधाभोळा नायक, वृद्ध जादूगार, अंधाराचा अधिपती, एखादी मंतरलेली वस्तू आणि लांबलचक प्रवास. आक्षेप बराचसा खरा आहे, पण उसनवारी हाच दोष मानला तर त्यातून टॉल्किनही सुटत नाहीत. त्यांच्या जादूगार गॅन्डाल्फचे नाव आणि ‘द हॉबिट’मधल्या बहुतेक बुटक्यांची नावे ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातली आहेत. ड्रॅगनच्या खजिन्यातून पेला चोरण्याचा प्रसंग ‘बेवुल्फ’मधला. फरक इतकाच की त्या काव्यांच्या भाषा अभ्यासण्यात आणि शिकवण्यात टॉल्किन यांची हयात गेली होती आणि 1916 ची सोमची लढाई त्यांनी स्वतः पाहिली होती. जुन्या सामग्रीतून त्यांना स्वतःचे काही सांगायचे होते.

1965 मध्ये टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ अमेरिकेत स्वस्त पेपरबॅकमध्ये आली आणि तुफान खपली. तसेच आणखी हवे, ही मागणी तयार झाली. नक्कल किती वरवरची होती पाहा. टॉल्किन यांनी लिहिली ती एकच सलग कादंबरी; खर्चाच्या हिशेबाने प्रकाशकाने तिचे तीन खंड केले. पुढे त्रिखंडी मालिका हाच या प्रकाराचा जणू नियम झाला.

या संदर्भात 1977 हे वर्ष फार बोलके आहे. त्या वर्षी टेरी ब्रूक्स यांची ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’ आली. तिच्यातला अ‍ॅलॅनन म्हणजे गॅन्डाल्फ, वॉरलॉक लॉर्ड म्हणजे टॉल्किन यांचा अंधाराचा अधिपती सॉरॉन, हे वाचकाला पहिल्या काही प्रकरणांतच कळते. ती तलवार शत्रूला कापत नाही, त्याला स्वतःबद्दलचे सत्य पाहायला लावते, ही कल्पना मात्र खास ब्रूक्स यांची. दुर्दैवाने शेकडो पानांच्या ओळखीच्या वाटचालीत ती शेवटी हाती लागते.

त्याच वर्षी स्टीफन डोनाल्डसन यांची थॉमस कव्हेनंटची पहिली त्रयी आली. तिथेही अंगठी आहे, अंधाराचा अधिपती आहे. पण नायक कुष्ठरोगी आहे. डोनाल्डसन यांचे बालपण भारतात गेले, वडील इथे कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर होते. संवेदना गेलेल्या शरीराला जखम झालेली कळत नाही, म्हणून सतत अंग तपासत राहायचे, ही कव्हेनंटची रोजची शिस्त. जादूच्या जगात त्याच्या बधिर नसा पुन्हा जाग्या होतात आणि तो घाबरतो. या सुखावर विश्वास ठेवला, दक्षता सुटली, तर खऱ्या जगात आपण मरू, ही त्याची भीती. त्यामुळे तो त्या जगालाच नाकारतो. तिथे एका मुलीवर बलात्कारही करतो आणि लेखक त्याला ते पाप सहजी फेडू देत नाही. कल्पनेतल्या जगाला किती खरे मानायचे, हा फँटसीच्या मुळाशी असलेला प्रश्न इथे एका माणसाच्या कातडीवर येऊन ठेपतो.

त्याआधी 1968 मध्येच उर्सुला ले ग्विन यांनी ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’त सावळा नायक आणि बेटांचे जग उभे केले होते, तिथला शत्रू नायकाची स्वतःचीच सावली आहे. अलीकडे एन. के. जेमिसिन यांनी भूकंपांनी उद्ध्वस्त होणाऱ्या जगातून गुलामगिरीची गोष्ट सांगितली आणि 2016 ते 2018 सलग तीन ह्यूगो पुरस्कार मिळवले.

म्हणून पात्रे कोणासारखी आहेत, एवढ्यावर समीक्षकाने थांबू नये. हे जग रचल्याशिवाय लेखकाला सांगताच आले नसते असे काही त्यात आहे का, हे विचारावे. कव्हेनंटच्या बाबतीत उत्तर ‘हो’ आहे, शॅनाराच्या बाबतीत फार थोडे. मराठीत फँटसी लिहू पाहणाऱ्यांनीही ड्रॅगनऐवजी वेताळ आणून समाधान मानू नये. आधी स्वतःचा प्रश्न शोधावा.