'अडू': क्रियेची अवनती आणि अनुवादाचा प्रश्न

इंग्रजीतील 'अडू' हा शब्द आज मोजक्या वाक्प्रयोगांपुरता उरला आहे. गवगवा, गडबड, खटाटोप हे त्याचे मराठी पर्याय होत. तथापि त्यांपैकी मूळ शब्दातील 'करण्या'चा भाव 'खटाटोप' हाच काही अंशी जपतो.

'अडू' हे मूळचे नाम नव्हे. स्कँडिनेव्हियन वसाहतींच्या संपर्कामुळे उत्तर इंग्लंडच्या बोलींत क्रियापदाच्या मूळ रूपापूर्वी 'टू'ऐवजी नॉर्स 'ॲट' योजले जाई. 'ॲट डू' म्हणजे 'करावयाचे'. त्याचाच संकोच होऊन 'अडू' हे रूप सिद्ध झाले. पुढे व्यवहार, सायास आणि अखेरीस निष्कारण धांदल अशा छटा त्याला प्राप्त झाल्या. फ्रेंच 'आफेर' याच घडणीचा, परंतु त्याचा मुख्य अर्थ 'व्यवहार' हाच राहिला. संस्कृत 'कर्तव्य' हेही 'करावयाचे'च, पण त्याला नीतीची प्रतिष्ठा लाभली. अर्थात अवनती क्रियेच्या स्वरूपात नसते, ती क्रियेकडे पाहणाऱ्याच्या निवाड्यात असते.

१६११च्या इंग्रजी बायबलमधील मार्ककृत शुभवर्तमानात याचा प्रत्यय येतो. मृत मानलेल्या मुलीच्या घरी चाललेल्या आक्रोशाला येशू 'अडू' म्हणतो. मुलगी केवळ निद्रिस्त आहे, हे त्याचे म्हणणे. शोक करणाऱ्यांच्या लेखी मात्र मृत्यू खराच आहे.

१६०० साली मुद्रित झालेल्या शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग' या नाटकातही मृत मानली गेलेली कन्या आहे. खोट्या दृश्यावर विसंबून क्लॉडिओ हीरोला विवाहवेदीपाशीच धिक्कारतो. शीर्षकातील 'नथिंग' तत्कालीन उच्चारात 'नोटिंग'च्या, म्हणजे 'टिपणे, न्याहाळणे' या अर्थाच्या शब्दाच्या निकट होते, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. आरोप निराधार असला तरी त्यातून घडणारी कृती शून्यवत नाही: बीट्रिस क्लॉडिओच्या वधाची मागणी करते, तेव्हा 'अडू'तील 'करणे' पूर्ण गांभीर्याने परत येते.

म्हणूनच 'गवगवा' हा पर्याय अपुरा ठरतो. त्यात आवाज येतो, कृती येत नाही. उठणे आणि ठेवणे या क्रियापदांपासून घडलेली 'उठाठेव' डॉन जॉनच्या कारस्थानाला शोभते, बीट्रिसच्या संतापाला नव्हे. 'खटाटोप' अधिक जवळचा, पण त्यातही उपहासाचा सूर आधीच मिसळलेला आहे. मूळ शीर्षक निवाडा देते आणि नाटक त्या निवाड्याची परीक्षा घेते. शीर्षकाचा निवाडाच तेवढा उचलणाऱ्या अनुवादातून ही परीक्षा निसटते.