चटणी संगीत आणि ‘शुद्धते’चा प्रश्न

परदेशी गेलेल्या भारतीयांच्या गाण्याविषयी लिहिताना ‘त्यांनी संस्कृती जपली’ हे वाक्य हमखास येते. कोणाची संस्कृती आणि जपली कोणी, हे मात्र विचारले जात नाही. त्रिनिदादच्या चटणी संगीताचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

१८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय मजूर करारावर त्रिनिदादला, मुख्यतः तिथल्या ऊसमळ्यांवर, नेले गेले. बहुसंख्य भोजपुरी-अवधी मुलखातले. त्यांत ब्राह्मण होते, तसे चमार, दुसाध, अहीर, कुर्मीही होते. मळ्यावरच्या बराकीत सर्वांना एकाच रांगेतल्या खोल्या मिळाल्या. जात संपली नाही. पुरोहितपण ब्राह्मणांकडेच राहिले. पण गावातली जातवार कामाची वाटणी मोडली. ढोलक, ताशा आणि लोखंडी दांड्यावर नालेच्या आकाराचा तुकडा आपटून वाजवायचा धनताल ही मळ्यावरच्या कुटुंबांची वाद्ये झाली. १८८४ साली मोहरमच्या मिरवणुका शहरात आणण्यास बंदी झाली. ती मोडून निघालेल्या मजुरांवर सॅन फर्नांडो येथे गोळीबार झाला. मरणाऱ्यांत हिंदूही होते. मजुरांच्या एकत्र येण्याची सत्तेला किती धास्ती होती, हे यातून दिसते.

घरातले गाणे बायकांचे होते. लग्नाआधीच्या ‘माटीकोर’च्या विधीत पुरुषांना दूर ठेवून त्या नाचत, चावट गाणी म्हणत. चटणीचे मूळ इथे आहे. पुढे नव्या पिढीची भोजपुरी सुटत गेली. तेव्हा १९७० च्या सुमारास सुंदर पोपो यांनी ‘नाना अँड नानी’मध्ये हिंदी आणि त्रिनिदादी इंग्रजी एकत्र आणली. नातवंडांना कळेल अशा बोलीत आजा-आजी गाण्यात आले. त्याच दशकात लॉर्ड शॉर्टी या आफ्रिकी वंशाच्या गायकाने ढोलक-धनताल आपल्या कॅलिप्सोत घेतले. रुळणे दोन्ही बाजूंनी घडत होते.

१९८७ साली द्रुपती रामगुनाई यांनी ‘चटणी सोका’ गायले. बाई कार्निव्हलच्या मंचावर आली आणि धर्माचे कैवारी खवळले. अंगणात जे नाचणे विधी होते, ते चारचौघांत येताच अश्लील कसे झाले? आक्षेप गाण्याच्या दर्जावर नव्हता, बाईने उंबरा ओलांडण्यावर होता. चटणीत सवंगपणाही भरपूर आहे. दारूच्या गाण्यांचा तर सुकाळ आहे. त्यावर कठोर टीका व्हावी. पण ‘शुद्धता’ हा त्या टीकेचा निकष होऊ शकत नाही.

आपल्याकडे हलगी हे जातीने लादलेले काम होते. १९५६ नंतर अनेकांनी ते नाकारले, आणि तो नकार योग्यच होता. त्रिनिदादमध्ये ताशाची स्पर्धा भरते, वाजवणारा कलावंत म्हणून मान घेतो. तेव्हा लाज चामड्याची नव्हतीच, सक्तीची होती. आपल्या वाद्यांचे मूल्यमापन करताना दलित समीक्षेने हा भेद पक्का धरला पाहिजे.